मान कोणी डोलावली

१. कुलूप

सोमवारी सकाळी सूतगिरणीतल्या रिलिंग खात्याच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपासमोर बायका मांडीवर डबे घेऊन बसल्या होत्या. ओरडा नाही, रडारड नाही. सुताच्या लड्या घालता घालता ज्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा, त्या बायका अशा गप्प बसलेल्या पाहून मिना शाळेची वाट सोडून आत वळली.

मिना म्हणजे भीमसिंग राठोडची थोरली पोरगी. दहावीत होती. तांड्यावरून आखाडा बाळापूरच्या शाळेला जाताना सूतगिरणी वाटेतच लागायची. साल दोन हजार तीन. त्या वर्षी मिनाच्या अंगात एक नवाच वारा शिरला होता. स्नेहसंमेलनात तिनं न अडखळता भाषण ठोकलं, तेव्हापासून हेडमास्तरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कोणाशीही बोलायला ती मागेपुढे बघत नसे. शाळेच्या कपाटातल्या सगळ्या रहस्यकथा तिनं फस्त केल्या होत्या, आणि आपल्या इकडं कधी काही घडतच नाही, या दुःखात ती असायची. आज घडलं होतं. आणि तिला जराही बरं वाटलं नाही.

बायकांनी तिलाच नोटीस वाचायला लावली. रिलिंगचं काम यापुढे नव्या यंत्रावर होईल, असं त्यात होतं. कामगार प्रतिनिधीच्या संमतीने हे खातं आजपासून बंद करण्यात येत आहे.

मिना संमतीपाशी अडखळली. बायकाही तिथंच अडल्या. कोणाची संमती?

गिरणीतली युनियन लहान होती, पण तिचा एक कडक नियम होता. मागच्या संपात कोण आत काय कबूल करून आलं, यावरून भावकीसारखी भांडणं झाली होती. तेव्हा सगळ्यांनी गेटवर उभं राहून ठरवलं की प्रतिनिधी तीनच, आणि साहेबांच्या केबिनमध्ये त्यातला एक जरी 'व्हय' म्हणाला, तरी ते सगळ्यांचं 'व्हय'. मागाहून फिरायचं नाही. मॅनेजर झंवर साहेबांना हा नियम कामगारांपेक्षा जास्त पाठ होता. म्हणून तर प्रतिनिधी निवडताना लोक सोयरीक जमवल्यासारखे माणूस पारखून घेत. सूत कातणाऱ्या रिंग फ्रेम खात्याचे भीमसिंग, कापूस पिंजणाऱ्या कार्डिंगचे ग्यानोबा आणि खुद्द रिलिंगच्या पद्माबाई, हे ते तिघे.

तिघेही तिथं आले. तिघांनीही सांगितलं, आपण हो म्हटलेलं नाही. भीमसिंगनं तर गळ्यातल्या ताइताला हात लावून सेवालाल महाराजांची आण घेतली.

तेवढ्यात ऑफिसचा शिपाई हरिचंद पुढं आला. हा माणूस कोणाच्या अध्यात ना मध्यात. चहा द्यायचा आणि कप उचलायचे, एवढाच त्याचा संसार. तो भीमसिंगच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "शनिवारी मी चहा घेऊन साहेबांच्या केबिनात गेलो तवा भीमसिंगभाऊनं मान डोलावली. व्हय म्हणले. माझ्या डोळ्यानं बघितलं, खोटं काहून बोलू?"

सगळ्या माना भीमसिंगकडं वळल्या. मघाशी आण घेणारा तो गडी हरिचंदच्या ओठांकडं बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग तो पाठ फिरवून आपल्या खात्याकडं निघून गेला.

मिना नोटिशीपाशीच उभी होती. बायका आता तिच्याकडं बघत होत्या.

२. बांची पाठ

दुपारपर्यंत बातमी बाळापूरच्या बाजारात पोचली, आणि पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं होतं. तांड्यावाल्यानं गावातल्या बाया विकल्या. रिलिंगमधल्या बऱ्याच बायका मेंढ्या राखणाऱ्या घरांतल्या होत्या. त्यांचे नवरे शेळ्या-मेंढ्या घेऊन रानोमाळ फिरायचे, आणि घर चालायचं ते या लड्यांवर. गुरुवारी पाळी सुटताना गेट मीटिंग ठरली. भीमसिंगला प्रतिनिधी म्हणून काढायचं आणि गिरणीत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. त्याच्या हातचं पाणी नाही, त्याच्यासोबत डबा नाही.

मिनाला वाटलं होतं, घरी आल्यावर बा काहीतरी सांगतील. ते अंगणात खाटेवर पाठमोरे बसले होते. ती दारातूनच म्हणाली, "बा, हरिचंदकाका असं काहून बोलले?" बांनी मान वळवली नाही.

हे नवीन नव्हतं. आधी बा म्हणजे मिनाचा निम्मा जीव. शाळेत काय शिकवलं ते रोज सगळं विचारायचे, इतिहासातल्या लढाया तिच्याकडून ऐकायचे. पण आठवीनंतर कधीतरी हे बंद पडलं. हाक मारली तर ओ नाही, बोलायला लागलं तर उठून जाणं. तांड्यातल्या तिच्या वयाच्या पोरींची लग्नं ठरत होती. आपण पुढं शिकायचं म्हणतो, ते बांना आवडत नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. मग तीही इरेला पेटली होती. चांगले मार्क पडले तरी सांगायची नाही.

याडी, म्हणजे तिची आई बेबीबाई, भाकरी टाकून बाहेर आली. तिनं बांच्या दंडाला हात लावला, समोर बसली आणि म्हणाली, "पोरगी इचारून राहिली, हरिचंद असं काहून बोलला?"

याडीची ही सवय तांड्यात चेष्टेचा विषय होती. कोणी काही बोललं की ती तेच परत बोलायची. शेजारणी तिला पोपटीण म्हणायच्या आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची.

बांनी याडीकडं पाहिलं. "मला काही इचारू नका," एवढंच म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

मिनानं त्या संध्याकाळी ठरवलं. गुरुवारच्या आत तिला शोधायचं होतं की मान कोणी डोलावली, आणि बांनीच डोलावली असेल तर का. बा फितूर आहेत हे कळलं असतं तरी तिला चाललं असतं, असं तिला वाटलं. न कळणंच सोसवत नव्हतं.

३. ग्यानोबांची जीभ

ग्यानोबांवर तिचा पहिला संशय होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. त्यांचा पुतण्या गेल्याच महिन्यात गोदामात चिकटला होता. साहेब फुकट कोणाला चिकटवत नाहीत, हे बाळापुरातलं लहान पोरगंही सांगेल.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. ग्यानोबा बैलांना कडबा टाकत होते. पुतण्याचं नाव काढताच त्यांचा हात थांबला. रागावतील असं तिला वाटलं होतं, पण ते खाली बसले. मीच साहेबांपुढं हात पसरले, म्हणाले. पोरगं रिकामं फिरत होतं, घरात रोज कटकट. त्या दिवसापासून केबिनमध्ये माझी जीभ उचलत नाही. साहेब काही बोलले की मी सतरंजीकडं बघत बसतो. "पण गप बसनं येगळं आन व्हय म्हननं येगळं, पोरी. मी व्हय म्हनलो न्हाई."

त्या दिवशी केबिनमध्ये काय झालं, तेही त्यांनी सांगितलं. तिघे मिळून गेले होते ते पाण्याच्या टाकीसाठी आणि बायकांच्या तान्ह्या लेकरांना ठेवायच्या खोलीसाठी. साहेब एवढे गोड बोलले की तिघांनाही आश्चर्य वाटलं. दोन्ही मागण्या कबूल. रिलिंगचा विषयसुद्धा निघाला नाही. तिघे उठले, दारापर्यंत आले, आणि साहेबांनी भीमसिंगला हातानं खुणावून एकट्यालाच मागं ठेवून घेतलं.

"एकट्याला काहून?"

ग्यानोबांनी खांदे उडवले. मग हळूच म्हणाले, तेच तर सगळे इचारून राहिले.

मिना बाहेर आली. एक संशयित निसटला होता. ग्यानोबांचं खरं धरलं, तर आता केबिनमध्ये बा आणि साहेब, दोघेच उरले होते.

४. गडवा

त्याच संध्याकाळी ती पद्माबाईंकडं गेली. त्यांचं माहेर डोंगरकडा. आवाज असा की शेतात उभ्या राहून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली शेळी थांबावी. त्यांचंच काम गेलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायला मिनाची जीभ रेटेना, पण रहस्यकथेत असाच माणूस निघतो, हेही तिला माहीत होतं.

पद्माबाईंनी तिला गुळाचा चहा दिला. त्या भीमसिंगवर चिडल्या नव्हत्या, आणि त्याच गोष्टीचं त्यांना वाईट वाटत होतं. सगळ्या बायका शिव्या देतात, मला देता येत नाहीत, म्हणाल्या. का, तर म्हणे हा माणूस भिणारा नाही. न भिणारा माणूस विकला कसा जाईल?

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. त्या बैठकीच्या आठवडाभर आधी तिघे ऑफिसच्या व्हरांड्यात साहेबांची वाट बघत उभे होते. भीमसिंग नोटीसबोर्डाकडं तोंड करून, बाकी दोघे बाकड्यावर. मागून साहेब आले आणि त्यांच्या हातातला पाण्याचा पितळी गडवा फरशीवर पडला. असा आवाज झाला की ग्यानोबा उडाले, टायपिंगवाली बाई किंचाळली, पद्माबाईंचा हात छातीवर गेला. भीमसिंगनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"वाघ हाय तुजा बाप," पद्माबाई म्हणाल्या. "त्याच्या पाठीमागं आभाळ कोसळलं तरी हलायचा न्हाई."

मिनाला अभिमान वाटला. ती हसली. मग सहज म्हणून विचारलं, गडवा कोणी उचलला? पद्माबाईंना तेही आठवत होतं, कारण ते नवल होतं. हरिचंद धावत आला होता, पण साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. स्वतः वाकून गडवा उचलला, आणि भीमसिंगच्या पाठीकडं बघत गालात हसले.

सांडलेलं पाणी दुसऱ्याकडून पुसून घेणारे साहेब स्वतः वाकले, हे मिनाला खटकलं. कुसळ टोचावं तसं टोचलं, पण कुठं टोचतंय ते सापडेना.

५. काचेकडं तोंड

बुधवारी तिनं हरिचंदला गाठलं. त्याला वाटलं पोरगी भांडायला आली, आणि तो आधीच डोळ्यात पाणी आणून बसला. भीमसिंगशी माझं वैर नाही गं माय, म्हणत राहिला. मिनानं त्याला सांगितलं, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणतच नाही. मला फक्त सगळं पहिल्यापासून सांगा, साहेब कुठं होते, बा कुठं होते.

हरिचंदला कोणी कधी एवढं नीट विचारलं नव्हतं. तो डोळे मिटून सांगू लागला. साहेब नेहमी खुर्चीत बसून बोलतात. पण तो चहा घेऊन आत गेला तेव्हा ते उठून खिडकीपाशी गेले होते, आणि काचेतून बाहेर कापसाच्या गाड्या बघत होते. भीमसिंग टेबलाच्या अलीकडं, म्हणजे साहेबांच्या पाठीमागं. साहेब काचेकडं तोंड करूनच बोलले. रिलिंग खातं बंद करावं लागेल, नवीन यंत्र येतंय, तुमची संमती आहे ना? मग थांबले.

"आन बा?"

"त्यायनं मान डोलावली. म्हनले, व्हय साहेब, लई उपकार झाले." हरिचंदनं डोळे उघडले. "त्या उपकारानंच तर माझं डोकं फिरलं. बायांचं काम जाऊन राहिलं आन ह्यो उपकार मानतो. मला वाटलं, काहीतरी मिळालं असंल."

मग साहेब वळले, भीमसिंगचा हात हातात घेतला, जोरात हलवला. बस, एवढंच.

मिना रस्त्यानं चालत राहिली. उपकार. खातं बंद करण्यासाठी कोणी साहेबाचे उपकार मानत नाही. पाण्याच्या टाकीसाठी मानतात. लेकरांच्या खोलीसाठी मानतात. म्हणजे बा ज्याला व्हय म्हणाले, ते साहेबांचं बोलणं नव्हतंच. साहेब एक बोलले आणि बांनी मनात दुसरंच धरलं. एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर.

आणि सोमवारी आण घेणारे बा हरिचंदचं वाक्य झाल्यावर का गप्प झाले? कारण आपण काय कबूल केलं, ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

ती थबकली. व्हरांड्यातला गडवा तिच्या डोक्यात आत्ता कुठं पडला.

६. हंडा

बा अंगणात खाट विणत होते, घराकडं पाठ करून. सुंभ ओढायचे, गाठ मारायची, परत ओढायचे. ऊन कलत होतं. मिना त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

"बा," ती हळू म्हणाली. मग जरा मोठ्यानं. मग जेवढ्या आवाजात शाळेत भाषण करते तेवढ्या आवाजात. सुंभ ओढला गेला, गाठ बसली.

तिला रडू फुटलं, तरी तिनं स्वतःला थांबवलं नाही. बा, मी तुमच्यावर लई राग धरला, म्हणाली. मला वाटलं तुम्हाला मी नको झाले. माझा पहिला नंबर आला होता, तो मी तुम्हाला सांगितला नाही. हे सगळं ती त्यांच्या पाठीला सांगत होती, आणि मनातून देवाला विनवत होती की बा आत्ता वळू देत, रागवू देत, एक थोबाडीत देऊ देत.

मग तिनं कट्ट्यावरचा रिकामा हंडा उचलला आणि दगडावर टाकला.

कोंबड्या फडफडत पळाल्या. शेजारची शेळी दावं तोडायला लागली. पलीकडच्या घरातून कोणीतरी ओरडलं, काय पडलं गं. बांनी सुंभाचं टोक दातात धरलं आणि गाठ आवळली.

मिनानं मान वर केली तर दारात याडी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आली, तिनं आपला पिठाचा हात मिनाच्या तोंडावर ठेवला, आणि तो तसाच दाबून धरला.

"बोलू नको," याडी म्हणाली. "कुनाला बोलू नको. बहिरा हाय कळलं तर मशीनवर ठेवत्यात व्हय?"

मग चुलीपाशी बसून तिनं सांगितलं. रिंग फ्रेमच्या आवाजानं हळूहळू कान गेले. आधी एक, मग दुसरा. डाव्या कानात आता नुसती घुमघुम येते, उजव्यात तीही नाही. याडी पोपटीण झाली ती हौसेनं नाही. लोकांचं बोलणं समोर बसून परत बोलायचं, म्हणजे बांना ओठांवरून कळायचं.

गिरणीत कोणाला कसं कळलं नाही, हे मिनानं विचारायच्या आधीच तिला उमगलं. रिंग फ्रेम खात्यात कान कोण वापरतं? तिथं सगळे हातानं बोलतात. दोन बोटं फिरवली की धागा तुटला. खांद्याला हात लावला की जॉबरला, म्हणजे मुकादमाला, बोलाव. बाकीचं ओठ बघून. धडधाकट कानाचा माणूसही तिथं बहिऱ्यासारखाच वागतो. बा तिथं मिसळून गेले होते. हा घोळ त्या खात्यातच होऊ शकत होता, की आपल्यातला माणूस बहिरा झाला आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकाच्या आलं होतं. त्यानं खात्री करायला मागून गडवा टाकला होता.

७. दोन वाटा

मिना बांच्या समोर जाऊन बसली. त्यांच्या दंडाला हात लावला, आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, मला कळलं.

बांनी तिच्याकडं पाहिलं, मग याडीकडं. सुंभ खाली ठेवला.

ते बोलले ते तुटक बोलले. त्या दिवशी साहेब खिडकीकडं वळले, मान हलताना दिसली, म्हणजे काहीतरी बोलत होते. बांना वाटलं, टाकीचंच चाललंय. परत विचारायचं तोंडावर आलं होतं. पण एकदा विचारलं, दोनदा विचारलं, की माणसाला संशय येतो. "रोज कितीतरी येळा मी नुसतं व्हय म्हनतो," बा म्हणाले. "कोन काय म्हनलं ते न कळता. लोक खूश होत्यात. वाटलं, हे बी तसंच."

मग मिनानं विचारलं, ऐकू येत नव्हतं तर प्रतिनिधी का राहिलात. हे विचारायला नको होतं, असं तिला नंतर फार दिवस वाटत राहिलं. 

"बोलायला तर येत व्हतं," ते म्हणाले.

आता दोनच वाटा होत्या, आणि याडीनं त्या चुलीतल्या लाकडांसारख्या वेगळ्या करून मांडल्या. गप्प बसायचं. लोक फितूर म्हणतील, वर्ष-दोन वर्ष म्हणतील, मग विसरतील. काम राहील, मिनाची शाळा राहील. नाहीतर सांगायचं. मग संमती खोटी ठरेल, बायका आत जातील, आणि भीमसिंग बाहेर. याडीचं म्हणणं पहिलं होतं, आणि तिनं ते डोळे न पुसता सांगितलं. आपल्या लेकरांपुढं मला दुसऱ्याच्या बाया दिसत न्हाईत, म्हणाली.

 मिनानं बांना एवढंच सांगितलं, की गेटवर मी तुमची बाजू मांडीन, पण ही एक गोष्ट सांगणार नाही. ती तुमची आहे.

बांनी परत सुंभ उचलला.

८. गेट

गुरुवारी पाळी सुटली तशी सगळी गिरणी गेटवर उतरली. रिंग फ्रेमची माणसं केसांत कापूस घेऊन तशीच आलेली. रिलिंगच्या बायका पुढं. ग्यानोबांनी खाली बघत ठराव मांडला. भीमसिंग एका बाजूला एकटा उभा होता, आणि जो बोलेल त्याच्या तोंडाकडं बघत होता.

मिनानं बोलायची परवानगी मागितली. कोणीतरी टोमणा मारला, बाप पुरला नाही का, आता पोरगी आणली. पद्माबाईंनी त्याला एका नजरेत गप्प केलं.

मिना गेटजवळच्या कट्ट्यावर चढली आणि बोलली. रहस्यकथांमध्ये शेवटी उलगडा करतात ना, तसा उलगडा करायची तिला केवढी हौस होती, आणि आज तो स्वतःच्याच बांचा करावा लागत होता. तीन माणसं आत गेली, दोन बाहेर आली, म्हणून मान डोलावली ती माझ्या बांनीच. हरिचंदकाका खरं बोलले. पण मान डोलावून त्यांनी उपकार मानले. रिलिंग बंद करायचे उपकार का टाकीचे? साहेब रोज खुर्चीतून बोलतात, मग त्या एकाच दिवशी काचेकडं तोंड करून का बोलले? सगळ्यांना कळवायची गोष्ट एकट्यालाच का सांगितली? आठवडाभर आधी व्हरांड्यात गडवा पडला, सगळे दचकले, एक माणूस दचकला नाही. तो गडवा साहेबांनी स्वतः उचलला, कारण त्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं होतं.

इथं ती थांबली. एक पायरी उरली होती. तिनं बांकडं पाहिलं.

याडी गर्दीच्या टोकाला उभी होती. ती मान हलवत होती, नको, नको.

भीमसिंग पुढं आला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता, आणि आज तो का मोठा आहे ते सगळ्यांना कळत गेलं. "मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "रिंग फ्रेमनं कान खाल्ले माझे. साहेब काय बोलले ते कळलं न्हाई. कळलं न्हाई म्हनायची लाज वाटली, म्हनून व्हय म्हनलो. चूक माझी हाय. पर ह्या बायांना आत घ्या. त्यांचं व्हय मी त्यांना कधी इचारलंच न्हाई."

 ग्यानोबांनी हातातला ठराव खिशात घातला. मग ते रिंग फ्रेमच्या घोळक्याकडं वळले आणि विचारलं, तुमच्यात अजून कोणाला हा त्रास आहे का.

एकही हात वर गेला नाही. जो तो पायाखालची माती बघत होता. पण मिना उंच कट्ट्यावर होती, तिला तिथून वेगळंच दिसलं. घोळक्यात मागं काही माणसं अशी होती, ज्यांना प्रश्नच पोचला नव्हता. ती माणसं शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघून अंदाज घेत होती, काय विचारलं असावं.

झंवर साहेब केव्हा आले ते कळलं नाही. त्यांनी कशाचाही इन्कार केला नाही. हिंगोलीच्या कामगार अधिकाऱ्यापर्यंत ही गोष्ट गेली तर अशी संमती टिकणार नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. उद्या रिलिंगचं कुलूप निघेल, तूर्त निघेल, म्हणाले. मग ते भीमसिंगच्या अगदी समोर येऊन उभे राहिले, आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत बोलले. ऐकू न येणाऱ्या माणसाला मशीनवर ठेवणं धोक्याचं आहे. उद्यापासून आपण येऊ नका.

या वेळी भीमसिंगला एकही शब्द चुकला नाही.

९. नंतर

रिलिंगच्या बायका शुक्रवारी आत गेल्या.  त्यांना भीमसिंगपुढं उपकार म्हणवेना, माफ कर म्हणवेना. त्यांतली एक जण तांड्यावर येऊन पिशवीभर शेंगा ठेवून गेली.

बा काम शोधत राहिले. पुसेगावकडं कुणाच्या तरी मळ्यात, कधी बाजारात हमाली. याडी पहिले काही दिवस मिनाशी बोलली नाही. मग एक दिवस तिची वेणी घालता घालता म्हणाली, तू सांगितलं न्हाईस ते बरं केलंस, त्यायनंच सांगितलं. आणि मग रडली.

पावसाळा संपता संपता साहेबांनी रिलिंगचा विषय परत काढला. या वेळी प्रतिनिधींची बैठक रीतसर बोलावली. जायचं पद्माबाईंना होतं. त्या आदल्या दिवशी दुपारी तांड्यावर आल्या, भीमसिंगच्या समोर जमिनीवर बसल्या. मोठ्या आवाजाची ती बाई फक्त ओठ हलवून बोलत होती, कारण आवाजाचा आता उपयोग नव्हता. भाऊ, मला भ्या वाटून राहिलं, म्हणाल्या. आत गेल्यावर पहिलं काय बोलू?

 मिना उंबऱ्यावर होती. तिला वाटलं, बा आता मागण्या सांगतील, कायदा सांगतील, युनियनचा नियम सांगतील.

"पहिलं म्हनावं," बा म्हणाले, "साहेब, आमच्याकडं तोंड करून बोला."